पागोळीच्या आतलं घर

बुरोंडीवालीने घर घेतलंन, ही बातमी तिनेच मला दिलीन, आणि तीही विहिरीवर, माझी कळशी अर्ध्यात असताना. "काकी, मालकांनी घर माझ्या नावावर करायचं ठरवलंनी," असं म्हणाली, आणि वर हसली. मी हातातला दोर सोडला नाही एवढंच. "बरं झालं गो बाय," म्हटलं. कळशी वर आली ती अर्धी हंड्यात ओतली गेली आणि अर्धी माझ्याच पायांवर.

ती मूळची दापोलीकडच्या बुरोंडीची, म्हणून मी तिला मनात बुरोंडीवाली म्हणते. तोंडावर नुसतं "गो". तिचा नवरा बोटीवर असतो, वर्षातले सहा-आठ महिने दर्यात. आम्ही दोघी एकाच घरातल्या भाडेकरू. भाट्याच्या पुलाच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत, जांभ्याचं लांबलचक कौलारू घर. पश्चिमेच्या दोन खोल्या आमच्या, पूर्वेच्या दोन तिच्या, मधला भाग मालकांचा. पुढे मोठं अंगण, अंगणात विहीर, आणि अंगण ओलांडून फाटकाकडे जाणारी वाट. मी लग्न होऊन आले ती थेट या घरात. ती आली तेव्हा माझी मुलगी कॉलेजात जायला लागली होती. कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात ना, ते मी या डोळ्यांनी बघितलंय.

मला आयुष्यात फार काही नको होतं. दागिन्यांची मला हौस नाही, साड्या मी दुसऱ्यांच्या ब्लाऊजना मॅचिंग करण्यातच बघितल्या, कारण शिवणकाम करते. मला एक घर हवं होतं. आमच्या ह्यांचं बालपण अलोऱ्याच्या कॉलनीतलं. वडील प्रकल्पावर होते, सरकारी क्वार्टर होतं, ते निवृत्त झाले त्या दिवशी चावी परत. माहेर माझं आतल्या गावातलं, तिथे भावजया. तेव्हा मरताना तरी आपल्या नावाच्या भिंतीकडे बघत मरावं, एवढंच माझं मागणं. दरवर्षी गणपतीपुढे तेच मागत आले. आणि गणपतीने ऐकलं, पण शेजारच्या खोलीतलं.

स्वस्तात घेतलंन हे तर आणखीच. बाजारात आज त्या जागेला जे येईल त्याच्या निम्म्यालासुद्धा नाही. का, तर मालकांचं म्हणणं सरळ होतं. ते मला मग एकदा पडवीत बसून म्हणालेही, "वहिनी, भाडेकरू बसलेलं घर बाहेरचा कोण घेणार? घेतलंन तर तुम्हाला सगळ्यांना काढायला कोर्टात जाईल. त्यापेक्षा जो आत आहे त्यालाच कमी भावात दिलेलं काय वाईट?" मला विचारायचं होतं, की आत तर मीसुद्धा आहे, आणि तिच्या कितीतरी आधीपासून आहे. विचारलं नाही. 

कारण मला ठाऊक होतं. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या! मालक बायको गेल्यावर मुंबईहून कायमचे इथे राहायला आलेले. मासळी म्हणजे जीव की प्राण. त्यांचा धाकटा भाऊ रत्नागिरीतच फ्लॅटमध्ये राहतो, पण त्या घरात सगळ्यांच्या गळ्यात माळ, तिथे मासळीचं नाव काढायची सोय नाही. बुरोंडीवाली कोळंबी आणो, बांगडा आणो, एक वाटी मधल्या दाराने आत जायचीच. तिसऱ्यांचं कालवण तर तिच्यासारखं कुणाचं नाही, हे मीही कबूल करते, दात ओठ खाऊन करते. पण म्हणून काय मी दिलं नाही? दर रविवारी दिलं. फक्त मी वाटी ठेवताना सांगायचे, की मागल्या बाजूची कौलं सरकलीत, पावसाआधी शाकारून घ्या, माझ्या मशीनवर पाणी गळतं. गळतं छप्पर मालकाला सांगायचं नाही तर काय पोस्टमनला सांगायचं? ती काही सांगायची नाही. तिचंही गळत असणार. तिसऱ्यांच्या कालवणावर घर घेतलंन, असं मी ह्यांना म्हटलं तेव्हा हे म्हणाले, "तू पण दे की." आता देऊन काय उपयोग!

त्यातही काळजात सुरी फिरली ती पुढच्या गोष्टीने. मला वाटत होतं, ती तिच्या दोन खोल्या घेईल, आम्ही आमच्या दोन घेऊ, मालकाच्या पायाशी बसून भाव ठरवू. मालकांच्या वकिलांनी सांगितलं, तसं होत नाही. एक छप्पर, एक घर नंबर, एक घरपट्टी. विकलं तर अख्खं विकावं लागेल, तुकडे पाडायचे तर आधी मोजणी, नकाशे, कागद, त्यात वर्षं जातील. मालकांना तेवढा धीर नव्हता, त्यांचं हृदय तोळामासा झालेलं. तेव्हा अख्खं घर तिच्या नावावर, मालक असेपर्यंत मधल्या भागात, आणि आम्ही होतो तिथेच. "तुम्हाला कोणी काढू शकत नाही," वकील मला म्हणाले, "तुम्ही भाडेकरू म्हणून कायम. फक्त भाडं आता ह्यांना द्यायचं." ह्यांना म्हणजे तिला! जिला मी चुलीवरचा भात ओला कसा होऊ द्यायचा नाही ते शिकवलं, जिच्या पोराची पहिली झबली मी शिवली, ती आता माझी मालकीण.

त्या रात्री जेवले नाही. ह्यांनी विचारलं, पोटात दुखतंय का? म्हटलं, हो, दुखतंय. खोटं काय सांगायचं.

पण देव अगदीच आंधळा नसतो. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी त्या खरेदीला सुरू झाली. घर तिला स्वस्तात मिळालं, पण सरकारला ते पटत नाही. नोंदणीला गेले तर तिथे म्हणाले, तुम्ही कितीला का घ्या, मुद्रांक शुल्क सरकारी दराने भरा. मग कुणीतरी सांगितलंनी, की खऱ्या भावात नि तुमच्या भावात जो फरक आहे, तो तुम्हाला मिळालेलं उत्पन्नच धरतील, त्यावरही कर. तिचा नवरा तेव्हा कुठल्यातरी दूरच्या बंदरात. ती मधल्या पडवीत येऊन फोनवर हिशेब सांगत रडत होती आणि मी पडवीच्या दाराला कान लावून, मशीन बंद ठेवून बसले होते. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, चांगलंच बरं वाटत होतं. तरी तिने बांगड्या मोडल्यान, पैसे भरलेन आणि खरेदीखत करून घेतलंन.

आता खरेदीखताची गंमत सांगते, कारण पुढचं सगळं महाभारत त्यातून झालं. मालक जुन्या वळणाचे. वकिलांनी मसुदा करून आणला तो त्यांना आवडला नाही. म्हणाले, आमच्या वडिलांच्या वेळी जसं लिहायचे तसं लिहा. आणि स्वतः तोंडाने सांगितलंनी, "पागोळीच्या आतलं घर." पागोळी म्हणजे कौलांवरून पावसाचं पाणी ओळीने खाली पडतं ना, ती रेघ. आमच्याकडे घराची हद्द तीच. पागोळीच्या आत घर, पागोळीच्या बाहेर अंगण. जुन्या माणसांना यात काही उणं वाटत नाही. घर दिलं म्हणजे त्याची वाट दिली, विहिरीचं पाणी दिलं, यात लिहायचं काय? श्वास घ्यायची परवानगी कोणी लिहून देतो का?

पण अंगण नि विहीर मालकांची एकट्याची नव्हती. वाटणीत घर थोरल्याला आलेलं, अंगण-विहीर दोघा भावांत सामाईक. म्हणजे बुरोंडीवालीने घेतलंन ते पागोळीच्या आतलं. पागोळीच्या बाहेर पाय टाकला की दुसऱ्याची जमीन! आम्हाला कुणालाच ते सुचलं नाही. गणपती झाले आणि मालक गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं, अंगण सगळं धाकट्याकडे आलं. त्यांचं दिवसकार्य झालं नि धाकट्या भावाने चिऱ्यांचा ट्रक आणलान. पागोळीपासून हातभर अंतरावर, तिच्या दारासमोरून आणि मालकांच्या मधल्या दारासमोरून सरळ चिऱ्यांची भिंत, गडगा घातलान. विहीर गडग्यापलीकडे. फाटक गडग्यापलीकडे. तिला बाहेर पडायला राहिली ती मागची पाखाडी, जांभ्याच्या पायऱ्या, त्या खाली वहाळाच्या पाण्यात उतरतात. पावसात तिथून शेळीसुद्धा जात नाही.

माझ्या पश्चिमेच्या टोकाला मात्र त्याने माणूस जाईल एवढी फट ठेवलीन. "वहिनी, तुम्ही आमच्या जुन्या," म्हणाला. "तुम्हाला कसली अडचण व्हायला नको."

मी त्या फटीतून रोज सकाळी बाहेर पडायचे नि विहिरीवर उभी राहायचे. मुद्दाम जरा जास्त वेळ. ती घरातून बघायची. गॅसचा सिलिंडर तिने एकदा दोघा माणसांना पाखाडीने खालून वर आणायला लावलान, ते धापा टाकत शिव्या देत होते. मी ओटीवर तांदूळ निवडत होते. मालकांचा मधला भाग आता तिच्याकडे, तिथून माझ्या पडवीतून तिला जाता आलं असतं, मधे नुसतं एक दार. मी त्याला आतून कडी घातलेली. आणि ती एकदाही म्हणाली नाही, की काकी, दार उघडा. तेच मला जास्त लागायचं. मागितलं असतंन तर नाही म्हणायचं सुख तरी मिळालं असतं!

तिने दावा लावलान. वाट नि पाणी ही घराचीच आहेत, वर्षानुवर्षांची वहिवाट आहे, ती अडवता येणार नाही, असा. धाकटा म्हणाला, वहिवाट पाखाडीचीच होती, पुढून फक्त मालक जायचे. आता खरं कोण सांगणार? मालक गेले. बुरोंडीवाली पडली नवी. आजूबाजूला एक बंद बंगला आणि एक कलमांची बाग, तिथला गुरखा दर वर्षी वेगळा. वाट कोणाची, हे सांगायला एकच माणूस उरलं, ते म्हणजे मी.

धाकट्याला हे आधी कळलं. आला आमच्याकडे, काजूकतलीचा बॉक्स घेऊन. बसला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "वहिनी, तुमच्या बाजूचा अंगणाचा पट्टा तुम्हाला देतो. त्यावर दोन खोल्या बांधा. भाव म्हणाल तर थोरल्याने तिला दिलान, त्याहून कमी. तुम्ही फक्त येऊन सांगा, की सगळे पाखाडीने जायचे."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पेपरात डोकं घालून. धाकटा गेल्यावर म्हटलं, "ऐकलंत ना?" हे म्हणाले, "ऐकलं. तूच ठरव. आयुष्यभर घर घर तूच करत होतीस." असा हा माणूस! हो नाही की नाही नाही.

मी हो ठरवलं. लाज कसली? तिला स्वस्तात मिळालं ते पुण्य आणि मला मिळालं तर पाप? रात्रभर मी त्या पट्ट्यावर घर बांधत होते. स्वयंपाकघर पूर्वेला, मशीन खिडकीशी, दारावर ह्यांच्या नावाखाली माझं नाव. तिला रोज दिसेल असं.

दोन दिवसांनी धाकट्याच्या वकिलांच्या ऑफिसात गेलो. प्रतिज्ञापत्र टाइप करून तयार होतं. वकिलांच्या हाताखालची मुलगी मोठ्याने वाचत गेली. मी अमुक, वय अमुक, भाडेकरू. भाडेकरू या नात्याने मालकांच्या मर्जीने पाखाडीने जा-ये करीत असे. इथवर मी मान डोलावली. पुढे ती वाचते, "सदर अंगणाशी व विहिरीशी माझा कधीही कोणताही संबंध नव्हता."

"काय?" म्हटलं. "परत वाच."

तिने परत वाचलं.

"संबंध नव्हता? अगो, त्या अंगणाला तीसेक वर्षं शेण कोणी लावलंन? मालकाच्या बापाने? दर तुळशीच्या लग्नाला अंगण चोपून सारवून कोणी घेतलंन? विहिरीचा गाळ काढला त्या वर्षी माणसांना जेवण कोणी घातलंन? माझी पोर त्या अंगणात चालायला शिकली!"

धाकटा हसला. समजूत घालायला म्हणून हसला असेल, पण हसला. म्हणाला, "वहिनी, ते सगळं खरं हो. पण कायद्याने बघितलं तर भाडेकरूचं कसलं अंगण? भाडेकरू म्हणजे पाहुणा. आज आहे, उद्या नाही."

मी उठले. काजूकतलीचा बॉक्स उघडला नव्हता म्हणून बरं, नाहीतर पोटातून काढून परत दिली असती. "पाहुणा?" म्हटलं. "पाहुणा शेण लावत नाही. तुम्ही त्या अंगणात उभे राहायचात ते चप्पल घालून, नि मागून ते ठसे मी पुसायचे. पट्टा तुमचा तुम्हाला लखलाभ." हे माझ्यामागून बाहेर आले. जिन्यावर म्हणाले, "घर गेलं ना?" म्हटलं, "गेलं." मग आम्ही दोघं रिक्षा शोधायला लागलो. मला रडू येत होतं, पण रागाने.

बुरोंडीवालीच्या वकिलांना कसं कळलं देव जाणे, रत्नागिरी केवढीशी. त्यांनी मला साक्षीला बोलावलंनी. मी गेले. तिच्यासाठी नव्हे हं, आधीच सांगते. माझ्या अंगणासाठी गेले.

तिच्या वकिलांनी विचारलं, वाट कुठून होती? म्हटलं, पुढून, अंगणातून, फाटकाकडे. पाणी कुठलं? विहिरीचं. वादी त्या वाटेने जायच्या हे तुम्हाला कसं माहीत? म्हटलं, "माहीत कसं म्हणजे? ती माझ्या मागून चालायची. आधी मी, मग ती. वाट माझ्या पायांनी पडली, ती तयार वाटेवर आली."

मग धाकट्याचे वकील उभे राहिले. गोड आवाजात म्हणाले, "तुमची त्यांच्याशी चांगली मैत्री आहे, नाही का?"

"मैत्री?" माझा आवाज चढला. "साहेब, मला ती डोळ्यांसमोर नको असते. माझ्या डोळ्यांदेखत तिने घर घेतलंन, तेही अर्ध्या भावात, आणि मला तिची भाडेकरू केलंन. गडगा घातला तेव्हा मला आनंद झाला होता. माझ्या दाराला मी कडी घालून ठेवली, ती आजही आहे. पण वाट पुढूनच होती."

न्यायाधीश बाई होत्या, त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट बघितलं आणि लिहून घ्यायला सांगितलं. धाकट्याचे वकील खाली बसले. बाहेर आल्यावर तिचे वकील हात जोडून मला म्हणाले, "काकी, असा साक्षीदार नशिबाने मिळतो. जवळचं माणूस बाजूने बोललं तर कोर्ट शंका घेतं. तुमच्यासारखं जळणारं माणूस बोललं, की मानतं."

म्हणजे बघा. इतकी वर्षं मी जे पोटात ठेवून जळले, तेही शेवटी तिच्याच कामाला आलं! माझ्या हातचं काही एक माझ्यापाशी राहील तर शपथ.

निकाल तिच्या बाजूने लागला. वाट नि विहीर घराबरोबरची, अडवायची नाही. धाकट्याला चिरे काढून न्यावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले तर ती आधीच तिथे. मला वाटलं, आता भाडं वाढवून मागेल. भाडं मी तिला दर महिन्याला वेळच्या वेळी दिलं होतं, तिच्या हातात, तिच्या तोंडाकडे न बघता.

संध्याकाळी मधल्या पडवीच्या दारावर टकटक. त्याच दारावर. मी कडी काढली. ती उभी, हातात झाकलेली वाटी. वासावरून कळलं, तिसऱ्या.

"काकी," म्हणाली, "वकिलांशी बोललेय. मोजणी करून तुमच्या दोन खोल्या वेगळ्या करता येतील. वेळ लागेल, पण होईल. मालकांनी मला ज्या भावात दिलंनी, त्याच भावात तुम्ही घ्या."

जे तीसेक वर्षं मागितलं ते माझ्या उंबऱ्यावर आलं होतं, आणि आणलं होतंन तिने! मालकाने दिलं असतं तर मी त्याच्या पाया पडले असते. धाकट्याने दिलं असतं तर छाती पुढे काढून घेतलं असतं. आता घेतलं तर जन्मभर ती देणारी आणि मी घेणारी. नाही घेतलं तर जन्मभर तिची भाडेकरू. दारात हे मागे येऊन उभे राहिलेले मला कळलं, त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खांद्याला मागून बोट लावलं.

"पागोळीपर्यंत," मी विचारलं, "की अंगणासकट?"

"अंगण माझं कुठे आहे काकी? मला फक्त वाट आहे."

"मग वाट लिहायची. तोंडी नको, कागदावर. त्या म्हाताऱ्यासारखं करू नकोस." मी तिच्या हातातली वाटी घेतली. "आणि ती वाट कोणाकोणाची ते लिहिशील, तेव्हा माझं नाव आधी घालायचं. मग तुझं."

ती हसली. मी हसले नाही. मला तसंच लिहून हवं होतं.